सेझानचा डोंगर आणि पद्मालयाची वाट

स्केचबुक घेऊन पद्मालयाच्या रस्त्याला बसलं की कोणीतरी गाडी थांबवतोच. ‘काय देखस रे?’ समोर कपाशी, दोन बाभळी, मागे बुटक्या टेकड्या. एरंडोलला चित्र काढण्यासारखं आहे तरी काय, असं मलाही वाटायचं. निसर्गचित्र काढायचं तर निदान काश्मीर तरी हवं!

गंमत अशी, की काश्मीरची चित्रं काढूनही एका चित्रकाराला ‘काहीतरी कमी आहे’ हेच ऐकावं लागलं. ते म्हणजे सय्यद हैदर रझा, नागपूरला आणि मग मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकलेले. 1948 मध्ये काश्मिरात त्यांना फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ भेटले. चित्रं छान आहेत, पण त्यांत बांधणी नाही, सेझान अभ्यासा, असं त्यांनी सांगितलं. रझा 1950 मध्ये फ्रान्सला गेले.

आता ही बांधणी म्हणजे काय? मोबाइलवर पॉल सेझानचं ‘माँ सँत-व्हिक्तॉर आणि मोठा पाइन’ उघडा. साधारण 1887चं हे चित्र लंडनच्या कोर्टोल्ड गॅलरीत आहे. डावीकडे पाइनचं खोड, खाली हिरव्या-पिवळसर शेतांचे तुकडे, उजवीकडे रेल्वेचा कमानींचा पूल, मागे निळा-गुलाबी डोंगर. आता वरच्या फांद्या बघा. डोंगराची कड जशी चढते-उतरते, तशाच त्या वळल्यात. अंगठ्याने फांद्या झाकल्या तर डोंगर एकदम लांब जातो, आभाळ रिकामं पडतं. अंगठा काढा, जवळचं झाड आणि कोसावरचा डोंगर पुन्हा एकमेकांना धरून उभे! दृक्प्रत्ययवाद्यांनी क्षणाचा उजेड पकडला. सेझानला उजेड सरल्यावरही टिकणारं काहीतरी हवं होतं. त्याला ‘उत्तर-दृक्प्रत्ययवादी’ हे लेबल लागलं ते 1910 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी.

हा डोंगर सेझानच्या गावचा, एक्सचा. बँकवाल्या वडिलांना मुलगा वकील व्हायला हवा होता (आपल्याकडे इंजिनिअर, एवढाच फरक). कायद्याचं शिक्षण अर्धवट सोडून तो पॅरिसला गेला. तिथल्या मोठ्या प्रदर्शनात चित्रं वर्षानुवर्षं नाकारली गेली. पण एक्सचा डोंगर त्याने कधी सोडला नाही, कित्येक डझन वेळा तो रंगवला. पाइनवालं चित्र 1895 मध्ये गावात लागलं, तर लोकांना कळेचना. आवडलं ते झोआकिम गास्के या तरुण कवीला. सेझानने सही करून चित्रच त्याला देऊन टाकलं.

मागच्या रविवारी मी बाभळीखाली जागा बदलत बसलो. एका ठिकाणी फांदी झुकते, नेमकी तिथेच मागची टेकडी उतरते. हातभर सरकलं की सगळं बिघडतं. तीन कागद वाया गेले. चौथ्यावरची टेकडी अजून बटाट्यासारखी दिसतेय, पण फांदी जमलीय.