ओले सिमेंट चटका न देता भाजते

आमच्या तालुक्याच्या गावाबाहेर गेल्या काही वर्षांत फार्महाऊस बरीच झाली आहेत. पूर्वी मळ्यात विहीर असे, आता पोहण्याचा हौद असतो. त्या हौदाभोवती आठ-दहा फूट रुंदीचा सिमेंटचा कोबा करतात, त्यात रंग मिसळतात आणि तो ओला असतानाच रबरी साचे दाबून त्यावर दगडी फरशीची नक्षी उमटवतात. काम मोठे देखणे दिसते.

गेल्या उन्हाळ्यात अशाच एका कामावरचा चाळिशीतला गवंडी रात्री नऊच्या सुमारास, मी दवाखाना बंद करीत असताना आला. "डॉक्टरसाहेब, गुडघे लई भगभगतायत. एखादं मलम द्या," म्हणाला. पँट वर करून पाहिले तर दोन्ही गुडघ्यांवर तळहाताएवढे काळपट, कडक झालेले चट्टे आणि भोवती लालभडक कातडी. सकाळपासून तो ओल्या मालात गुडघे टेकून हौदाची कड घोटत होता. पँट भिजली होती, पण काम अर्धवट सोडता येत नव्हते. मी म्हणालो, "अहो, हे भाजलंय!" त्याचा विश्वासच बसेना. "भाजलं असतं तर चटका बसला नसता का? दुपारी जेवायला बसलो तवा तर काहीच नव्हतं."

त्याचा प्रश्न रास्त होता. आजचा लेख त्या प्रश्नाच्या उत्तरासाठीच आहे.

चटका का बसत नाही?

सिमेंटमध्ये पाणी पडले की त्यातून चुना तयार होतो. पानाला लावतो तोच चुना. तंबाखूला चुना जास्त झाला की गाल सोलतो, हे खाणाऱ्यांना सांगायला नको. आम्ल आणि अल्क मोजण्याच्या मापावर शुद्ध पाण्याचा आकडा 7 आहे. आपल्या कातडीचा साडेपाचच्या आसपास असतो आणि ओल्या सिमेंटचा 12 ते 13. या मापावर एक आकडा वाढणे म्हणजे तीव्रता दहापट होणे, हे लक्षात घेतले म्हणजे ओल्या मालाची ताकद कळेल.

विस्तवाचा चटका लागताच आपण हात मागे घेतो. चुना तशी सूचना देत नाही. तो कातडीतल्या स्निग्ध पदार्थाचा साबण करतो. म्हणूनच चुन्याचे बोट बुळबुळीत लागते. धुऊन निघेपर्यंत तो आत आत शिरत राहतो. वाळूच्या कणांनी कातडी खरचटलेली असेल तर त्याला वाट आयतीच मिळते. वेदना जाणवेपर्यंत काही तास गेलेले असतात. गुडघे, घोटे आणि गमबुटाच्या आत माल शिरला तर पिंढऱ्या, या जागा जास्त भाजतात, कारण तिथे ओले कापड चिकटून राहते.

त्या गवंड्याला मी जिल्ह्याच्या ठिकाणी सर्जनकडे पाठवले. एका गुडघ्यावर मांडीची कातडी काढून लावावी लागली. दीड महिना रोजगार बुडाला.

हाताची खाज

सिमेंटचा दुसरा त्रास सावकाश येतो. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका गवंड्याच्या हाताची खाज मी गजकर्ण समजून तीन महिने मलमे देत राहिलो. तो दिवाळीला गावी गेला, हात स्वच्छ झाले. कामावर आला, आठ दिवसांत पुन्हा भेगा पडल्या. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सिमेंटमध्ये क्रोमियमचे क्षार अल्प प्रमाणात असतात आणि काहींना त्यांची ॲलर्जी होते. डेन्मार्कमध्ये 1980 च्या दशकाच्या आरंभापासून सिमेंटमध्ये लोहाचा क्षार मिसळून हा दोष कमी केला गेला, आणि युरोपीय संघाने 2005 पासून या क्रोमियमवर दहा लाखांत दोन भाग अशी मर्यादा घातली. ही ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्माची सोबत होते. म्हणून हातमोजे आधीपासूनच घालावेत.

जुना कोबा नवा करताना

काही वर्षांनी कोब्याचा रंग उडतो, पापुद्रे सुटतात. मग वरचा थर ग्राइंडरने घासून त्यावर काही मिलिमीटर जाडीचा नवा लेप देतात. या घासण्यातून उडणाऱ्या धुळीत वाळूचे, म्हणजे सिलिकाचे, डोळ्यांना न दिसणारे कण असतात. ते फुप्फुसात खोलवर जाऊन बसतात आणि तिथे व्रण धरतो. यालाच सिलिकोसिस म्हणतात. तो बरा करणारे औषध नाही. अशा माणसाला क्षयाचा धोकाही अधिक असतो. 1997 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने या धुळीला कर्करोगकारक ठरवले. तोंडाला रुमाल बांधून ही धूळ अडत नाही. पाणी सोडत घासावे आणि कोविडच्या साथीत सर्वांच्या परिचयाचा झालेला एन-95 मास्क घट्ट बसवावा.

दुसरा धोका ॲसिडचा. जुना कोबा साफ करायला हायड्रोक्लोरिक ॲसिड वापरतात. हौदाचे पाणी शुद्ध ठेवण्यासाठी आणलेले क्लोरीनही बहुधा त्याच पंपाच्या खोलीत असते. ही दोन्ही एकत्र आली, अगदी एकाच बादलीत मागाहून ओतली गेली, तरी विषारी क्लोरीन वायू सुटतो. डोळे चुरचुरतात, खोकला लागतो, छाती आवळते. अशा वेळी मोकळ्या हवेत जावे आणि 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. थोड्या वेळाने बरे वाटले तरी घरी जाऊ नये, कारण काही तासांनंतर फुप्फुसात पाणी भरू शकते.

भाजल्यास काय करावे?

1. कोरडे सिमेंट असेल तर आधी झटकावे, नंतर पाणी वापरावे.

2. मालाने भिजलेली पँट, मोजे, बूट ताबडतोब काढावेत. लाज आणि काम दोन्ही बाजूला ठेवावे.

3. वाहत्या स्वच्छ पाण्याखाली जागा किमान वीस मिनिटे धुवावी. घड्याळ लावून धुवावी, कारण पाच मिनिटेही वीस वाटतात.

4. चुन्यावर उतारा म्हणून लिंबू किंवा व्हिनेगर चोळू नये. टूथपेस्ट, तूप, हळद, शाई यांपैकी काहीही लावू नये.

5. डोळ्यात उडाल्यास पापण्या उघड्या धरून अर्धा तास पाणी सोडावे आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. चुन्याने बुबुळ कायमचे पांढरे होऊ शकते. चुन्याची पुडी मुलांच्या हाती पडू न देण्याचे कारणही हेच.

6. दुखत नसले तरी कातडी काळी, पांढरी किंवा कडक झाली असेल तर डॉक्टरांना दाखवावे. धनुर्वाताचे इंजेक्शन विसरू नये.

घरमालकांसाठी दोन शब्द

चकचकीत कोबा ओला झाला की बर्फासारखा होतो. साठीपुढच्या माणसाचे त्यावर घसरून खुब्याचे हाड मोडले तर अंथरूण सुटायला महिने लागतात. म्हणून वरच्या चकाकीच्या थरात बारीक खर मिसळायला सांगा. पाणी साचू नये म्हणून हौदापासून बाहेरच्या बाजूला चार फुटांना एक इंच उतार ठेवा. रंग फिकाच निवडा, गडद रंगावर एप्रिलच्या उन्हात मुलांचे तळपाय भाजतात.

आणि काम सुरू होण्यापूर्वी मुकादमाला विचारा, "माणसांना गमबूट, हातमोजे दिलेत का?" नसतील तर आपण आणून द्या. लाखांच्या कामात तो खर्च कुठे दिसतही नाही.

तो गवंडी आता पुन्हा कामावर जातो. मालात गुडघे टेकत नाही, फळी टाकून तिच्यावर बसतो, आणि शेजारी स्वच्छ पाण्याची बादली ठेवतो. परवा रस्त्यात भेटला तेव्हा म्हणाला, "साहेब, नव्या पोरांना मी पँट वर करून गुडघाच दाखवतो." माझ्या सगळ्या लेखापेक्षा तो गुडघा अधिक बोलतो, हे मी मान्य करतो.