स्लॅब पडला म्हणजे निवारा झाला?

निराधार वृद्धांसाठी किंवा बेघरांसाठी निवारा बांधणाऱ्या संस्थांचं काम बहुतेकदा एकाच टप्प्यावर अडतं. स्लॅब पडलेला असतो, विटांचं बांधकाम झालेलं असतं. रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटतं, इमारत झालीच की! पण प्लास्टर, नळ, वायरिंग, दारं-खिडक्या, फरशी आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग बाकी असतं, आणि त्याला बऱ्याचदा स्लॅबपर्यंत झाला तितकाच खर्च येतो. अशा वेळी साहित्य देणारा माणूस देवासारखा वाटतो. मात्र त्या देण्याबद्दल गैरसमज पुष्कळ आहेत.

‘सिमेंट काय, कधीही चालतं.’ नाही चालत. हवेतल्या दमटपणाने सिमेंट पोत्यातच मरत जातं आणि तीन महिन्यांत त्याची ताकद लक्षणीय घटते. पोत्यावर उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं, ते आधी बघा. हाताला गुठळ्या लागत असतील तर ते पोतं पाठवू नका. ताजं एकच पोतं दिलंत तरी आतल्या भिंतीचं सुमारे १०० चौरस फूट प्लास्टर होतं, त्यामुळे ‘एका पोत्याने काय होणार’ हेही मनातून काढा.

‘घरची उरलेली फरशी बाथरूमला होईल.’ इथे मला फार काळजी वाटते. दिवाणखान्यातली चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल ओली झाली की पाय सटकतो, आणि सत्तरीतल्या बाईचं खुब्याचं हाड मोडलं तर ती पुन्हा चालेलच असं नाही. न्हाणीघराला खरबरीत, न घसरणारीच टाइल हवी आणि भिंतीला धरायला पक्का दांडा हवा. दार तीन फूट रुंद असावं, नाहीतर व्हीलचेअर उंबऱ्यातच अडकते. रॅम्पचा उतार एकास बारा धरतात. म्हणजे दीड फूट जोत्याला १८ फूट लांब रॅम्प लागतो, आणि त्याची खडी-सिमेंट देणारा सहसा कुणी भेटत नाही.

‘जुनं म्हणजे टाकाऊ’ हेही खरं नाही. पाडलेल्या वाड्याची सागवानी दारं, लोखंडी ग्रिल, कडाप्पा हे सगळं जरूर द्या. जुनी वायर आणि स्विच मात्र देऊ नका, कारण त्याने आग लागू शकते. सरळ केलेल्या जुन्या सळया स्लॅबला नकोत. अ‍ॅस्बेस्टॉसचे जुने पत्रे तर नकोतच. ते कापताना, फोडताना उडणारे तंतू फुप्फुसात जातात.

करसवलतीचा गैरसमज तर हमखास दिसतो. ८०जी म्हणून ओळखली जाणारी सवलत पैशाच्या देणगीवर मिळते, वस्तूंवर नाही. रोख दिलेत तर फक्त २००० रुपयांपर्यंत. ही वजावट जुन्या करपद्धतीतच आहे. सवलत हवी असेल तर नोंदणीकृत संस्थेला चेकने पैसे द्या आणि खरेदी तिला करू द्या. दुकानदाराने आपल्या साठ्यातला माल दान केला, तर त्यावर घेतलेलं जीएसटीचं क्रेडिट त्याला परत करावं लागतं.

फोन करायचाच असेल तर ट्रकला नाही, आधी साइटवरच्या इंजिनिअरला करा. आज प्लंबर खोळंबलाय की वायरमन, हे त्यालाच ठाऊक असतं. माल कोरड्या जागी ठेवायची सोय आहे का, तेही विचारा. आणि टेम्पोचं भाडं नि हमाली कोण देणार ते त्याच फोनवर ठरवा, कारण फुकट आलेल्या विटा उतरवून घ्यायलाही संस्थेला पैसे मोजावे लागतात.