काटकसरी डिझेल मोटार : घेण्यापूर्वी हिशेब

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. आतील हवा अतिशय दाबली जाऊन तापते व तीत फवारलेले डिझेल आपोआप पेटते. या मोठ्या दाबामुळेच इंधनातून अधिक काम मिळते. २०१७ सालची मारुतीची डिझेल डिझायर अधिकृत कसोटीत लिटरला २८.४ किलोमीटर धावली. परंतु एप्रिल २०२० पासून धुराचे कडक नियम लागू झाले; लहान मोटारीस धूर शुद्ध करण्याची साधने परवडेनात, म्हणून मारुतीने डिझेल मोटारी बंद केल्या.

नव्या डिझेल मोटारीतील काजळीची गाळणी साफ राहण्यास लांब पल्ल्याची सलग धाव लागते. रोजची फेरी गावापासून बाजारापर्यंतच असेल, तर ती तुंबते. म्हणून शेतकरी बंधूंनी वर्षाच्या एकूण धावेचा हिशेब आधी मांडावा. इंधनात वाचणारा पैसा मोटारीच्या जादा किमतीतच जात नाही ना, हे ग्रामकार्यकर्त्यांनी त्यांना आकडे मांडून दाखवावे.