विंचवाचे विष आणि चेतासंधी

रत्नागिरी व रायगड या जिल्ह्यांच्या जांभ्याच्या मुलखात लाल विंचवाचा दंश ही नवलाची गोष्ट नव्हे. भाताचा पेंढा उपसताना, चिऱ्यांची रास हलविताना, अंधारात अनवाणी चालताना तो होतो. दंशाच्या जागी उठणारी आग सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु ज्यांना गंभीर विषबाधा होते, त्यांच्या ठायी ही आग पुष्कळदा अल्पच असते. त्यांना ओकाऱ्या होतात, दरदरून घाम सुटतो, तोंडाला लाळ येते आणि मागाहून हातपाय गार पडतात. हृदय व फुफ्फुसे यांच्यावर प्राणघातक आघात करणारे हे विष मुख्यत्वे कार्य करते ते मात्र चेतातंतूंच्या टोकांवर.

चेतापेशी पुढील पेशीला चिकटलेली नसते. दोहोंच्या जोडाला चेतासंधी म्हणतात, आणि तेथे मिलिमीटरच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाएवढी फट असते. बहुसंख्य चेतासंधींत विद्युत्-आवेगाला ही फट ओलांडता येत नाही. आवेग तंतूच्या टोकाशी पोहोचला, की तेथील कॅल्शियमची द्वारे उघडतात. आत शिरलेल्या कॅल्शियममुळे रासायनिक दूतांनी भरलेल्या सूक्ष्म पिशव्या पेशीपटलाशी एकरूप होऊन रिकाम्या होतात, आणि ते दूत पलीकडच्या ग्राहींवर जाऊन बसतात. १९२१ मध्ये ऑटो लोवी यांनी एका बेडकाच्या हृदयाचा वेगस तंतू उद्दीपित केला आणि त्या हृदयाभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयास दिला. तेव्हा तेही मंदावले. तो दूत म्हणजे ॲसिटिलकोलिन, हे पुढे सिद्ध झाले. १९३६ चे नोबेल पारितोषिक लोवी आणि हेन्री डेल यांना विभागून मिळाले. दूत येणे जितके आवश्यक, तितकेच त्याचे निघून जाणेही आवश्यक असते, ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या ध्यानी सहसा राहत नाही. ॲसिटिलकोलिनचे विघटन एक विकर करते, तर नॉरॲड्रेनलिन बव्हंशी तंतूच्या टोकातच परत शोषले जाते.

आता विषाकडे वळू. आवेग उत्पन्न होताना सोडियमची द्वारे क्षणभर उघडून लगेच मिटावयाची असतात. लाल विंचवाच्या विषातील प्रथिने त्यांना मिटू देत नाहीत. परिणामी तंतू पुनःपुन्हा उद्दीपित होतात आणि दूतांचा पूर लोटतो. विघटन व शोषण यांची नित्याची व्यवस्था त्यापुढे अपुरी पडते. ओकाऱ्या, लाळ व मंद नाडी हा आरंभीचा ॲसिटिलकोलिनचा प्रभाव होय. घामाचे तंतू शरीररचनेच्या दृष्टीने अनुकंपी संस्थेतले, पण त्यांचा दूत ॲसिटिलकोलिनच. तेव्हा लक्षणांचा उलगडा तंतूच्या नावावरून न करता दूतावरून करावा, हे बरे. त्यानंतर नॉरॲड्रेनलिनचा व अधिवृक्क ग्रंथीतून येणाऱ्या ॲड्रेनलिनचा अंमल सुरू होतो. रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, श्रमलेले हृदय दुबळे होते आणि फुफ्फुसांत पाणी साचते.

रत्नागिरी जिल्ह्याच्या सीमेलगत असलेल्या महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी ही लक्षणमालिका बारकाईने नोंदविली. त्यांचा लेख १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. ॲट्रोपिन दिल्याने घाम व लाळ आटतात खरी, पण ॲसिटिलकोलिनचा लगाम सुटून अनुकंपी संस्था अधिकच मोकाट होते. नुसते बीटा ग्राही रोखले, तर वाहिन्यांचे आकुंचन तसेच राहते. अडसर घालावयाचा तो अल्फा ग्राहींवरच, आणि प्राझोसिन नेमके तेच करते. रक्तदाबासाठी प्रचारात आलेली ही स्वस्त गोळी तोंडावाटे देता येते. खेड्यातील दवाखान्याच्या दृष्टीने हा लहान लाभ नव्हे. या उपचाराविषयीचा त्यांचा लेख १९८६ मध्ये त्याच नियतकालिकात प्रसिद्ध झाला. गंभीर रोग्यांतील मृत्यूचे प्रमाण पूर्वी शेकडा तीसच्या आसपास होते, ते या उपचारानंतर शेकडा तीनच्या आत आले. बावस्कर यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली.

प्राझोसिन ग्राहीचे दार लावते, पण विषाला स्पर्श करीत नाही. विषाला बांधून निकामी करणे हे प्रतिविषाचे काम. दोन्ही एकत्र दिल्यास काय होते, याची चाचणी महाड येथेच ७० रोग्यांवर झाली व २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आली. दहा तासांत पूर्ण बरे झालेले रोगी एकत्रित उपचाराच्या गटात ३५ पैकी ३२, तर केवळ प्राझोसिन दिलेल्या गटात ३५ पैकी ८ होते. मात्र प्रतिविष हाताशी नसेल, तेथे गोळी देण्यास विलंब करणे युक्त नव्हे.

याच विषातून १९९० मध्ये आयबेरिओटॉक्सिन हे ३७ ॲमिनो आम्लांचे लहानसे प्रथिन वेगळे करण्यात आले. कॅल्शियमने उघडणारी पोटॅशियमची मोठी द्वारे ते रोखते. चेतातंतूच्या टोकाशी असलेली ही द्वारे आवेग आवरता घेण्यास साहाय्य करतात. ती बंद केली असता किती दूत अधिक बाहेर पडतात, हे मोजण्यासाठी जगभरच्या प्रयोगशाळा त्याचा उपयोग करतात.