शाळेची शेती आणि शेतकऱ्याची शाळा : टांझानियातील ग्रामीण शिक्षणाविषयीचे काही गैरसमज

विकसनशील देशांतील ग्रामीण शिक्षणाची चर्चा बहुधा एका गृहीतकापासून सुरू होते. पुस्तकी शिक्षणामुळे खेड्यातील मुले शेतीपासून तुटतात, तेव्हा शाळेतच शेती शिकवली तर ती गावात टिकतील आणि गावही सुधारेल, असे ते गृहीतक आहे. ते इतके स्वाभाविक वाटते की तपासून पाहण्याची गरज फारशी कोणाला भासत नाही. पूर्व आफ्रिकेतील टांझानियाने मात्र ते संपूर्ण राजकीय पाठबळानिशी देशभर अमलात आणून पाहिले, आणि त्यामुळे या विषयावरील अनेक समजुती पारखून घेण्यास त्या देशाचा अनुभव विशेष उपयोगी पडतो.

फेब्रुवारी 1967 मध्ये अरुशा जाहीरनाम्याने समाजवाद आणि स्वावलंबन ही राष्ट्रीय उद्दिष्टे ठरवली, आणि पुढच्याच महिन्यात राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांची ‘स्वावलंबनासाठी शिक्षण’ ही पुस्तिका प्रसिद्ध झाली. अभ्यासक्रमात शेती हा विषय घालण्याची ती केवळ एक सूचना होती, अशी समजूत आजही आढळते. ती चुकीची आहे. न्येरेरे मुळात शिक्षक होते, शेक्सपियरची नाटके त्यांनी स्वाहिलीत आणली होती, आणि पुस्तकांशी त्यांचे वैर असण्याचे काही कारण नव्हते. त्यांचा आक्षेप शिक्षणाच्या रचनेवर होता. प्राथमिक शाळा म्हणजे माध्यमिक शाळेच्या प्रवेशपरीक्षेची तयारी, असे स्वरूप तिला आले होते, आणि ज्या बहुसंख्य मुलांना तो प्रवेश मिळत नसे त्यांच्या पदरी अपयशाचा शिक्का तेवढा पडे. म्हणून सात वर्षांचे प्राथमिक शिक्षण स्वयंपूर्ण असावे, शाळाप्रवेशाचे वय थोडे वाढवून बाहेर पडणारे मूल कामाला लागण्याइतके मोठे असावे, आणि प्रत्येक शाळेला शेत असावे, असा त्यांचा आराखडा होता. त्या शेताचे नियोजन, हिशेब आणि उत्पन्नाचा विनियोग यांत विद्यार्थ्यांचा सहभाग अपेक्षित होता, म्हणजे पीक काढण्याइतकेच एकत्र बसून निर्णय घेणे हेही तेथे शिकायचे होते.

मराठी वाचकाला येथे 1937 ची वर्धा परिषद आणि झाकीर हुसेन समितीने आखलेली नई तालीम आठवेल, कारण तेथेही सात वर्षांचे शिक्षण आणि हस्तव्यवसायाचा आधार हीच सूत्रे होती. साम्य अमलबजावणीतही उतरले. ज्याप्रमाणे अनेक बुनियादी शाळांत टकळी उरली आणि तिच्याभोवती गुंफायचे गणित-भूगोल बाजूला पडले, त्याचप्रमाणे टांझानियातही शाळांनी आपल्या खर्चाचा काही भाग स्वतः कमवावा असा आग्रह वाढत गेल्यावर नियोजन मोठ्यांकडे आणि कुदळ मुलांकडे अशी वाटणी झाली. कित्येक ठिकाणी शेतकाम ही शिक्षा म्हणून दिली जाऊ लागली. ज्या कामाबद्दल आदर निर्माण करायचा तेच काम दंड म्हणून वापरणे, यापेक्षा परिणामकारक उलटा धडा शोधून सापडणार नाही.

तथापि अमलबजावणी निर्दोष झाली असती तर मुले शेतीत रमली असती, हाही एक गैरसमजच आहे, आणि सर्वांत चिवट तोच आहे. फिलिप फॉस्टर या समाजशास्त्रज्ञाने 1965 मध्ये घाना देशाच्या अभ्यासावरून त्यावर नेमके बोट ठेवले होते. घानात वसाहतकाळापासून शेती व हस्तकौशल्याच्या शाळा काढण्याचे प्रयत्न पुन्हा पुन्हा झाले आणि पुन्हा पुन्हा फसले. अंगमेहनतीचा तिटकारा किंवा पुस्तकी विद्येचा भ्रम हे त्यामागचे कारण नव्हते. कारकुनाच्या नोकरीत शेतीपेक्षा अधिक आणि खात्रीचे उत्पन्न होते, ते पालकांना व मुलांना स्पष्ट दिसत होते, आणि त्या अर्थाने साधी शाळा हीच खरी व्यवसायशिक्षणाची शाळा होती. विद्यार्थ्यांच्या आकांक्षा अभ्यासक्रम घडवत नाही, रोजगाराची रचना घडवते, हे फॉस्टर यांच्या म्हणण्याचे सार होय.

टांझानियात याची प्रचीती आली. एकीकडे शाळा शेतीची प्रतिष्ठा शिकवत होती, तर दुसरीकडे शेतमाल विकत घेणारी सरकारी मंडळे शेतकऱ्याला जागतिक किमतीचा घटता वाटा देत होती. 1970 च्या दशकात निर्यात पिकांचे भाव महागाईच्या मानाने घसरले. शिवाय 1973 ते 1976 या काळात विखुरलेल्या वस्त्यांतील किमान 50 लाख लोकांना नव्या गावांत हलवण्यात आले, आणि त्यात सक्तीचा वापर झाला. नव्या गावांमुळे शाळा जवळ आल्या हे खरे, परंतु अनेकांची शेते दूर गेली. अशा स्थितीत गाव सोडू पाहणाऱ्या तरुणाला दोष देऊन त्याच्या पाठ्यपुस्तकात दुरुस्ती सुचवणे म्हणजे भावाचा प्रश्न वर्गात सोडवू पाहणे होते.

मग शेतकऱ्याला शिक्षणाचा उपयोग नसतो काय? लॉकहीड, जेमिसन आणि लाऊ यांनी 1980 मध्ये गरीब देशांतील अनेक पाहण्यांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा चार वर्षे प्राथमिक शिक्षण घेतलेल्या शेतकऱ्याची उत्पादकता शाळेत न गेलेल्या शेतकऱ्यापेक्षा सरासरी सुमारे 7 टक्क्यांनी अधिक आढळली. हे शिक्षण साधे, वाचन-लेखन-गणिताचे होते. जेथे नवे बियाणे, खते आणि बाजारपेठ येत होती तेथे हा लाभ ठळक दिसला, आणि जेथे शेती पिढ्यान्‌पिढ्या तशीच चालली होती तेथे तो नगण्य होता. यात आश्चर्य काही नाही, कारण ठरलेली रीत बापाकडून शिकता येते. खताचे प्रमाण आणि कर्जाचे व्याज मात्र वाचून, मोजून समजून घ्यावे लागते.

खेड्यासाठी प्राथमिक शिक्षण पुरेसे आहे आणि माध्यमिक शिक्षण वाढवले तर विषमता वाढते, ही समजूत तर टांझानियाच्या धोरणातच बसवलेली होती. शासनाने माध्यमिक शाळांच्या जागा जाणूनबुजून मर्यादित ठेवल्या. शेजारच्या केनियात मात्र ग्रामस्थांनी वर्गणीतून उभारलेल्या ‘हरांबी’ शाळांमुळे माध्यमिक शिक्षण झपाट्याने पसरले. जॉन नाइट आणि रिचर्ड सॅबट या अर्थशास्त्रज्ञांनी दोन्ही देशांच्या सर्वांत मोठ्या शहरांतील पगारी कामगारांची तुलना 1990 च्या ग्रंथात मांडली आहे. केनियातील कामगारांची वाचन व गणिताची कौशल्ये वरचढ होती, त्यांची उत्पादकता अधिक होती, आणि शिकलेल्यांची संख्या वाढल्याने शिक्षणामुळे पडणारा पगारातील फरक तेथे कमी झाला होता. समतेच्या हेतूने केलेली टंचाई विषमतेला पोसत होती. किलिमांजारोच्या उतारावरील कॉफी उत्पादक पालकांनी तोवर स्वतःच्या खर्चाने खासगी माध्यमिक शाळा काढून शासनाच्या गणिताला आपले उत्तर दिलेच होते.

प्रौढ शिक्षणाबाबत दोन विरुद्ध गैरसमज एकाच वेळी नांदतात. प्रौढ माणसे शिकत नाहीत, हा एक. आणि मोहीम काढली की निरक्षरता कायमची हटते, हा दुसरा. पहिल्याला 1973 च्या ‘म्तू नी आफ्या’ या आरोग्यमोहिमेने उत्तर दिले. त्यात सुमारे 20 लाख प्रौढ बारा आठवडे गटागटाने रेडिओभोवती जमले, ऐकलेल्यावर चर्चा करून पुढचे काम ठरवू लागले, आणि ठिकठिकाणी शौचालये खोदली गेली, पाण्याच्या जागा स्वच्छ झाल्या. दुसऱ्याला आकडेच उत्तर देतात. 1967 मध्ये जेमतेम एक तृतीयांश असलेली प्रौढ साक्षरता 1980 च्या दशकात अधिकृत नोंदींनुसार 90 टक्क्यांच्या आसपास गेली, पण 2002 च्या जनगणनेत ती सुमारे 70 टक्के आढळली. मूळ आकडा कितपत फुगवलेला होता हा प्रश्न वेगळा. वाचायला वर्तमानपत्र नसेल तर अक्षरे विसरली जातात, हे मात्र निश्चित.

शेवटचा गैरसमज ग्रामीण पालकांच्या अनास्थेचा आहे. 1980 च्या सुमारास टांझानियात प्राथमिक पटनोंदणीचे स्थूल प्रमाण, म्हणजे कोणत्याही वयाच्या दाखल विद्यार्थ्यांचे शालेय वयाच्या लोकसंख्येशी असलेले प्रमाण, 90 टक्क्यांच्या पुढे होते. आर्थिक संकटानंतर शुल्क पुन्हा लागू झाले, शाळांची रया गेली, आणि 1990 च्या दशकात हे प्रमाण 80 टक्क्यांच्या खाली आले, तेव्हा पालकांना शिक्षणाची किंमत कळत नाही असे म्हटले जाऊ लागले. शासनाने 2001 मध्ये प्राथमिक शुल्क रद्द करण्याचा निर्णय घेतला आणि दोनच वर्षांत हे प्रमाण शंभराच्या वर गेले, कारण इतकी वर्षे पैशाअभावी घरी राहिलेली, वय उलटलेली मुलेही लहानग्यांबरोबर वर्गात येऊन बसली होती.