फराळाचे डबे आणि नोकरीचे अर्ज

दसऱ्याचे पाटीपूजन आटोपले की घराघरांत फराळाची यादी सुरू होते. रवा किती, बेसन किती, यंदा अनारसे करायचे की विकत आणायचे! याच दिवसांत पदवी घेऊन घरी बसलेल्या मुलाला किंवा मुलीला मात्र घरातून पळून जावेसे वाटते. कारण फराळाच्या ताटापाठोपाठ एक प्रश्न हमखास येतो, ''मग, कुठे लागलास का?'' विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण दिवसातून सहा वेळा तेच उत्तर द्यावे लागले, तर चकलीसुद्धा घशाखाली उतरत नाही.

रायपूरच्या पुरानी बस्तीतले उदाहरण घेऊ. अठराव्या शतकात छत्तीसगढवर नागपूरकर भोसल्यांचा अंमल बसला, आणि तेव्हापासून मराठी माणसे या भागात येत राहिली. शेजारच्या वस्तीला वामनराव लाखे यांचे नाव आहे. माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक काढले, पुढे 'दासबोध' आणि 'गीतारहस्य' हिंदीत नेले. घरात मराठी, शाळेत हिंदी आणि टुरी हटरीच्या बाजारात छत्तीसगढी, अशा तीन भाषांत इथले मूल वाढते. ('टुरी' म्हणजे मुलगी आणि 'हटरी' म्हणजे छोटा बाजार.) पालकांना ही खिचडी वाटते. आमच्या मते नोकरीच्या शोधात तीच मोठी शिदोरी आहे.

दारात आलेला अभ्यासक्रम

छत्तीसगढ राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आले. त्याच्या लोकसेवा आयोगाच्या प्राथमिक परीक्षेत सामान्य अध्ययनाचे १०० प्रश्न असतात आणि त्यांतले ५० केवळ छत्तीसगढवर असतात. इतिहास, नद्या आणि खनिजे यांच्याबरोबर जनजाती, परंपरा आणि सणवारही त्यात येतात. मुख्य परीक्षेच्या भाषेच्या पेपरात तर छत्तीसगढीही आहे. क्लासला हजारो रुपये भरणारी मुले हे पाठ करत बसतात, आणि तेच सारे दिवाळीत आपल्या दाराशी येऊन उभे राहते.

दिवाळीच्या आधी बायका-मुली टोपलीत धान आणि मातीचा पोपट घेऊन दारोदार येतात, गोल करून टाळ्यांच्या ठेक्यावर नाचतात. हा सुआ. लक्ष्मीपूजनाच्या रात्री गौरा-गौरीचे, म्हणजे शंकर-पार्वतीचे लग्न लागते. मातीच्या मूर्ती वाजतगाजत निघतात आणि सकाळी त्यांचे विसर्जन होते. हा मुख्यतः गोंड समाजाचा उत्सव. पाडव्याला गोवर्धनपूजा झाली की राऊत मंडळी काठ्या घेऊन, दोहे म्हणत नाचू लागतात आणि ते पुढे देवउठनी एकादशीपर्यंत चालते. तेव्हा मुलाला खोलीत पुस्तकासमोर कोंडून ठेवू नका. सुआवाल्या दाराशी आल्या की तांदळाचे सूप त्याच्याच हाती द्या आणि चार प्रश्न विचारायला सांगा. गेली काही वर्षे आयोगाची जाहिरात नोव्हेंबरच्या अखेरीस आणि प्राथमिक परीक्षा फेब्रुवारीत, असा क्रम राहिला आहे. म्हणजे दिवाळी संपताच हाती उरतात जेमतेम तीन-साडेतीन महिने.

स्वयंपाकघरातही हाच धडा आहे. आपले अनारसे आणि इथला अइरसा ही सख्खी भावंडे. दोन्हींत तांदूळ आणि गूळ. आपण तांदूळ तीन दिवस भिजवतो, रोज पाणी बदलतो, निथळून कुटतो, गूळ मिसळून पीठ मुरत ठेवतो आणि खसखशीवर थापून एकाच बाजूने तळतो. अइरशाला एवढी सवड नसते. भिजवलेल्या तांदळाचे पीठ गुळाच्या पाकात घालायचे, गोळे थापायचे, वर तीळ लावायचे आणि तळायचे. ज्या सूनबाईंचे अनारसे दरवर्षी तुपात विरघळतात, त्यांनी यंदा शेजारणीकडून अइरसा जरूर शिकून घ्यावा. जोडीला बेसनाची ठेठरी आणि गव्हाच्या पिठाची गूळ घातलेली खुरमी. ही दोन्ही तीजा-पोळ्याची, पण डब्यात कधीही शोभतात.

कागदपत्रे आधी, करंज्या मग

दिवाळीच्या आठवड्यात तहसील कार्यालयात कोणी भेटत नाही आणि जाहिरात निघाली की तिथे रांगा लागतात. म्हणून मूलनिवासी प्रमाणपत्र, रोजगार कार्यालयातील नोंदणी आणि गुणपत्रिका नवरात्रातच तपासून घ्याव्यात. महामाया मंदिरातल्या ज्योतींचे दर्शन घेऊन परतताना हे काम सहज होते.

परप्रांतातून आलेल्या कुटुंबांनी जातीच्या दाखल्याबद्दल विशेष सावध असावे. जातींच्या याद्या राज्यवार असतात. अनुसूचित जाती-जमातींच्या बाबतीत एका राज्यातला दर्जा दुसऱ्या राज्यात आपोआप लागू होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये स्पष्ट केले आणि २०१८ मध्ये राज्याच्या नोकऱ्यांच्या संदर्भात पुन्हा सांगितले. आजोबा विदर्भातून आलेले असतील, तर मुलाने कोणत्या गटातून अर्ज करायचा हे अर्ज भरण्यापूर्वीच विचारून घ्या. निवड झाल्यावर नाव गळाले, तर त्या घराची दिवाळी कशी जाते याची कल्पना करवत नाही.

भाऊबीजेला मामा-काका एकत्र येतात. त्यांच्याकडे 'मला कुठेतरी चिकटवा' असे म्हटले की तेही अवघडतात आणि आपणही. त्याऐवजी ''काका, तुमच्या खात्यात नव्या माणसाला आधी काय काम देतात?'' असे विचारून पाहा. माणूस आपल्या कामाबद्दल बोलायला उत्सुक असतो, आणि त्या गप्पांतून कुठे जागा निघणार आहेत, हे आपोआप बाहेर येते. पुण्या-नागपूरचे पाहुणे आले असतील तर तिथे खोलीचे भाडे किती, हेही विचारावे. पगार ऐकून हुरळून गेलेली मुले भाड्याचा हिशेब नेहमी विसरतात.

याच दिवसांत एखादा 'ओळखीचा' माणूसही मिठाईचा पुडा घेऊन येतो. रेल्वेत साहेब आपले आहेत, पाच लाखांत काम होते, अर्धे आता द्या, अर्धे हुकूम आल्यावर. आई मंगळसूत्राकडे पाहते, वडील भविष्य निर्वाह निधीचा हिशेब मांडतात. अशा माणसाला चहा द्यावा, चकली द्यावी, पैसे मुळीच देऊ नयेत. सरकारी भरतीत परीक्षेच्या शुल्काखेरीज कोणी पैसे मागत नाही, आणि ते शुल्कही अर्जाबरोबरच भरायचे असते. खासगी कंपनी 'डिपॉझिट' मागत असेल तरी तोच नियम. पैसे गेल्यावर तक्रार करायलाही अशी कुटुंबे धजत नाहीत, कारण देणाराही लाच दिल्याच्या भीतीने गप्प बसतो. हे ठकसेनाला चांगले ठाऊक असते.

आणखी एक. ज्या घरात फराळ उत्तम होतो, तिथल्या बेकार मुलीला किंवा मुलाला शेजारच्या चार घरांची ऑर्डर घेऊ द्या. विक्री करायची तर घरगुती असली तरी एफएसएसएआयची नोंदणी लागते, ती ऑनलाइन होते. भाजणीच्या चकलीत तेल, गॅस आणि मेहनत यांचा दर किती धरायचा, डबा वेळेवर कसा पोहोचवायचा, उधारी कशी वसूल करायची, हे पंधरा दिवसांत समजते. पुढच्या मुलाखतीत ''तुम्हाला कामाचा काय अनुभव आहे?'' असे विचारले, तर सांगण्यासारखे काहीतरी हाताशी असते. फक्त जमाखर्चाची वही जपून ठेवायला सांगा आणि घरच्यांनी नेलेले डबेही त्यात मांडायला लावा.