चषक कुणाच्या सौजन्यानं?

भात झोडून झालं, दिवाळीही उरकली की पेण, अलिबाग, रोहा, मुरूड या पट्ट्यात कबड्डीचे दिवस सुरू होतात. देवळासमोरच्या नाहीतर शाळेच्या मैदानात माती चाळून, पाणी मारून अंगण तयार होतं, बांबूंना हॅलोजन बांधले जातात आणि मध्यरात्रीपर्यंत समालोचकाचा आवाज खाडीपलीकडच्या गावात ऐकू जातो. चढाई-पकडीच्या गदारोळात तो एक वाक्य मात्र विसरत नाही: ‘प्रथम क्रमांकाचा चषक अमुक यांच्या सौजन्यानं.’ हे अमुक कधी रेती-विटांचे पुरवठादार असतात, कधी जमिनीचे दलाल, कधी पुढच्या निवडणुकीतले इच्छुक. अंतिम सामना कोणत्या संघांत झाला हे वर्षभरात लोक विसरतात, पण चषक कुणी दिला हे गावाच्या ध्यानात राहतं. पुढं त्या माणसाचं काही वावगं कानावर आलं तर कुणीतरी म्हणतंच, ‘असेल बाबा, पण आपल्या मंडळाला कधी नाही म्हणाला नाही.’

हे शेवटचं वाक्य म्हणजेच देणगीची खरी कमाई. तंबाखूच्या कंपन्यांना ही गोष्ट फार आधी उमगली.

27 फेब्रुवारी 1996 ची रात्र आज पन्नाशीत असलेल्या रायगडकरांना आठवत असेल. वानखेडेवर पहिल्यांदाच प्रकाशझोतात सामना होत होता. समोर ऑस्ट्रेलिया. सचिननं 90 धावा काढल्या आणि तरी भारत 16 धावांनी हरला. ज्यांच्या घरी टीव्ही होता त्यांच्या ओटीवर अर्धी आळी जमली होती. त्या स्पर्धेचं नाव होतं विल्स वर्ल्ड कप. विल्स म्हणजे सिगारेट. पण तो शब्द तेव्हा लहान-थोर सगळ्यांच्या तोंडी असा बसला होता, की त्यात धुराचा वास कुणाला येत नव्हता.

सचिनच्या बॅटवर मात्र त्या स्पर्धेत एकही स्टिकर नव्हतं. तंबाखूची जाहिरात करणार नाही, असा शब्द त्यानं वडिलांना, म्हणजे प्रा. रमेश तेंडुलकरांना दिला होता आणि सिगारेट कंपन्यांनी विचारणा करूनही तो पाळला. बॅट त्याची होती, म्हणून त्यानं ती कोरी ठेवली. स्पर्धेचं नाव त्याच्या हातात नव्हतं. प्रायोजकत्वाची गंमत इथंच आहे. खेळाडूनं नकार दिला तरी खेळ विकला गेलेला असतो, आणि त्या खेळाडूचा प्रत्येक चौकार प्रायोजकाच्याच खात्यात जमा होतो.

ही गंमत ज्यांना गंमत वाटली नाही त्यांतले एक होते गोव्याचे डॉ. शरद वैद्य. कर्करोगाचे शल्यविशारद. तोंडाच्या गाठी काढता काढता हा माणूस मागं मागं जात त्या गाठीच्या सुरुवातीपर्यंत पोचला आणि तिथं त्याला क्रिकेटचं मैदान दिसलं. सिगारेट कंपनीनं प्रायोजित केलेली भारत-न्यूझीलंड मालिका दूरदर्शनवर पाहिलेल्या गोव्यातल्या शाळकरी मुलांची त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पाहणी केली. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’नं ती 1996 मध्ये छापली. सिगारेट ओढल्यानं खेळ सुधारतो असं काही मुलांना सामने पाहून वाटू लागलं होतं, आणि ज्यांना तसं वाटत होतं त्यांच्यात सिगारेट ओढून पाहण्याचं प्रमाण जास्त होतं. त्या मुलांना कुणी ‘ओढा’ म्हणून सांगितलं नव्हतं. ती फक्त क्रिकेट पाहत होती.



भारतीय संघाच्या छातीवरचं विल्स 2001 मध्ये उतरलं. त्याच वर्षी आणखी एक छोटी गोष्ट घडली. 1910 मध्ये इम्पीरियल टोबॅको कंपनी ऑफ इंडिया म्हणून सुरू झालेली, पुढं इंडिया टोबॅको कंपनी आणि मग आय.टी.सी. झालेली कंपनी नावातली टिंबं काढून नुसती आयटीसी उरली. टिंबं गेली तसा ‘टी’ कशाचा हा प्रश्नही गेला. आता ते लघुरूप नव्हतं, ते नुसतं नाव होतं.

टिंबांची ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण पुढचं सगळं नावावरच फिरतं. 2003 मध्ये संसदेनं सिगारेट आणि इतर तंबाखूजन्य पदार्थांचा कायदा केला. आरोग्य खात्यातले आणि पोलिसांतले लोक त्याला ‘कोटपा’ म्हणतात. त्याचं कलम 5 जाहिरातबंदीचं आहे. प्रायोजकत्व, भेट, बक्षीस किंवा शिष्यवृत्ती यांच्या बदल्यात तंबाखूच्या पदार्थाचा किंवा त्याच्या ब्रँडच्या नावाचा प्रचार करायला त्यात मनाई आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हजार रुपयांत आज कबड्डीचा बरा चषकही येत नाही.

दंडाहून मोठी अडचण कलमाच्या शब्दांत आहे. मनाई ब्रँडच्या नावाला आहे. कंपनीनं स्वतःच्या नावानं दिलं तर? ‘रेड अँड व्हाइट’ ही गॉडफ्रे फिलिप्सची सिगारेट. बुडणाऱ्याला वाचवणारा, आगीत उडी घेणारा, चोराला पकडणारा अशा सामान्य माणसांना या सिगारेटच्या नावानं शौर्य पुरस्कार दिले जात. पदक राज्यपालांच्या, मंत्र्यांच्या हस्ते मिळे. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. घेणाऱ्याचं शौर्य अस्सल, देणाऱ्या हाताचं पद मोठं, आणि मागच्या पडद्यावर सिगारेटचं नाव. कायदा आल्यावर पुरस्कार बंद झाले नाहीत, त्यांचं नाव बदललं. ते गॉडफ्रे फिलिप्स शौर्य पुरस्कार झाले.

गुटख्याची तऱ्हा याहून सोपी, कारण तिथं ब्रँड आणि घराण्याचं नाव एकच असे. माणिकचंद हा गुटखा, आणि काही वर्षं हिंदी सिनेमाच्या सर्वांत झगमगत्या सोहळ्याचं नाव माणिकचंद फिल्मफेअर पुरस्कार. त्या उद्योगाचे धनी रसिकलाल धारीवाल शिरूरचे नगराध्यक्ष होते. पुण्यातल्या वारज्याच्या अभियांत्रिकी संकुलावर त्यांच्या नावाची आद्याक्षरं आहेत. तिथून शिकून बाहेर पडलेल्या मुलांचा यात काडीचा दोष नाही. पण गुणपत्रिकेवर आलेलं नाव आणि पुडीवर आलेलं नाव यांतलं अंतर किती कमी होऊ शकतं, हे महाराष्ट्रानं तिथं पाहिलं.

2012 च्या जुलैत राज्य सरकारनं गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी घातली. पुडी टपरीच्या फळीवरून फळीखाली गेली. मग सुरू झाली वेलची. ज्या नावाचा पानमसाला इथं विकायला बंदी, त्याच नावाची वेलची आयपीएलच्या दर षटकाअंती टीव्हीवर हजर. 2021 मध्ये अमिताभ बच्चन यांनी अशी एक जाहिरात सोडली आणि घेतलेले पैसे परत केले. त्याआधी त्यांना पत्र गेलं होतं ते गोव्याहून, डॉ. वैद्यांनी उभ्या केलेल्या तंबाखू निर्मूलन संघटनेकडून. तेव्हा तिचे अध्यक्ष डॉ. शेखर साळकर होते. पुढल्या वर्षी अक्षय कुमारवर टीकेची झोड उठली तेव्हा त्यानंही माघार घेतली आणि मानधन चांगल्या कामाला देईन असं जाहीर केलं. इथंही शेवट दानातच.

देणगीचा आकडा आणि त्या देणगीच्या डांगोऱ्याचा आकडा शेजारी ठेवला की हेतू कळतो. अमेरिकेतल्या फिलिप मॉरिसनं 1999 मध्ये साडेसात कोटी डॉलर धर्मादायाला दिले आणि आपण ते दिले हे लोकांना सांगायला दहा कोटी डॉलर खर्च केले. इंग्लंडात नॉटिंगहॅम विद्यापीठानं ब्रिटिश अमेरिकन टोबॅकोकडून 38 लाख पौंड घेतले. कशासाठी? कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचं अभ्यास केंद्र काढायला. त्या विद्यापीठात मानद प्राध्यापक असलेले रिचर्ड स्मिथ यांनी 2001 मध्ये ते पद सोडलं. हे स्मिथ म्हणजे वैद्यांचा अभ्यास छापणाऱ्या त्याच ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’चे तेव्हाचे संपादक.

आपल्याकडं ही जबाबदारी कायद्यानंच आली. 2013 च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक आकाराच्या कंपनीनं नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायचे असतात, आणि तंबाखूची कंपनी त्याला अपवाद नाही. म्हणजे शाळेचं स्वच्छतागृह, पाणलोटाचा बंधारा, महिलांचे बचत गट ही कामं सिगारेटच्या नफ्यातून होणं हे नुसतं कायदेशीर नाही, ते कायद्याचं पालन आहे. 2016 मध्ये कंपनी व्यवहार मंत्रालयाला परिपत्रक काढून आठवण करून द्यावी लागली, की हे करताना कोटपाचं उल्लंघन होता कामा नये. कोविडच्या पहिल्या महिन्यात आयटीसीनं 150 कोटींचा मदतनिधी जाहीर केला. त्यातून मदत झाली असणार, भुकेल्याला अन्न मिळालं असणार. हे नाकारण्यात काही अर्थ नाही. संगीताचंही तसंच. आयटीसीच्या कोलकात्याच्या संगीत अकादमीत पं. उल्हास कशाळकरांसारख्या मराठी गवयानं गुरू म्हणून कित्येक वर्षं विद्या दिली, आणि त्या विद्येला कुणी नावं ठेवू शकत नाही.

पण नेमकं म्हणूनच हे दान कामाला येतं. वाईट कामाला दिलेल्या देणगीनं कुणाचं तोंड बंद होत नाही, चांगल्या कामाला दिलेल्या देणगीनं होतं. रायगडातल्या एखाद्या शाळेत मुलं तंबाखूमुक्तीची शपथ वहीत उतरवून घेत असतील तर ती वही क्लासमेटची असण्याची शक्यता बरीच आहे, आणि क्लासमेट आयटीसीची. त्या वहीला दोष काय द्यायचा? गुळगुळीत कागद, रास्त किंमत. उद्या त्याच शाळेला त्याच घरच्या पैशातून ई-लर्निंगचा संच मिळाला, तर शाळेपासून शंभर यार्डांच्या आतल्या टपरीबद्दल तक्रार करायला मुख्याध्यापकांचा हात पूर्वीसारखा उठेल का, एवढाच प्रश्न आहे.

सरकारचा हातही पूर्वीसारखा उठत नाही. एलआयसी आणि इतर सरकारी विमा कंपन्यांचे आयटीसीत मोठे भाग आहेत. त्याविरुद्ध 2017 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. याचिकाकर्त्यांत सुमित्रा पेडणेकर होत्या. त्यांचे पती, माजी मंत्री सतीश पेडणेकर, तोंडाच्या कर्करोगानं गेले.

किनाऱ्याला हा विषय परका नाही. कोकणातल्या जुन्या घरांत सकाळी चुलीवर लोखंडी तव्यात तंबाखूची पानं काळी होईस्तोवर भाजली जात, मग हातानं चुरून डबीत भरत. ही मशेरी. बायका ती दातांना लावत आणि तोंडात तशीच ठेवून अंगण झाडत. दात घासणं म्हणून सुरू झालेली सवय दिवसातून पाच-सहा वेळांवर जाई. श्रीवर्धनची रोठा सुपारी तर या किनाऱ्याची शान. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-मुरूडच्या वाड्या झोपल्या. नव्या झाडाला सुपारी धरायला पाच-सात वर्षं लागतात. नुसती सुपारीही कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 2004 मध्ये जाहीर केलं आहे, आणि ते बागायतदारांना सांगणं कुणालाच सोपं गेलेलं नाही. त्या वादळानंतर छप्पर उडालेल्या माणसाला मदतीच्या पिशवीवरचं नाव वाचायला सांगणं क्रूरपणाचं होतं. देणाऱ्याला मात्र नेमकी अशी वेळ बरोबर कळते.

2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले 26.6 टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले. धूम्रपान करणारे त्यात फक्त 3.8 टक्के. बाकी सगळा बार, मशेरी आणि पुडी. त्यातले जे आजारी पडतात ते मांडव्याहून लाँचनं गेटवे आणि तिथून परळच्या टाटा रुग्णालयात जातात, नाहीतर पेण-पनवेलमार्गे खारघरला. टाटा स्मारकाचं ते संशोधन केंद्र आणि रुग्णालय पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यातच आहे.

येत्या हंगामात मंडळांच्या पोरांनी फ्लेक्स छापायला टाकण्यापूर्वी दोन गोष्टी कराव्यात. वेलचीचं, पानमसाल्याचं किंवा बिडीचं नाव चषकाला देणारा कुणी आला, तर त्याला कोटपाचं कलम 5 दाखवावं. आणि फ्लेक्सवर त्याच्यासाठी राखून ठेवलेल्या जागी तंबाखू सोडवणारी सरकारी हेल्पलाइन छापावी: 1800-112-356. फोन फुकट आहे.